नरसाळी ढग, वावटळ की चक्रीवादळ?

परभणी जिल्ह्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, वैशाखातल्या एका दुपारी अवकाळी पाऊस येण्याआधी त्यांना घराच्या गच्चीवरून काळ्या ढगाच्या बुडाशी लोंबणारी, खाली निमुळती होत गेलेली एक करडी नळी दिसली. ती स्वतःभोवती फिरत होती आणि दहा-बारा मिनिटांत विरून गेली. घरातील वडीलधाऱ्यांनी तिला वावटळ म्हटले, गावात चक्रीवादळ दिसल्याची चर्चा झाली आणि मुलाने टोर्नेडो हा शब्द सुचवला. यांपैकी कोणता शब्द योग्य, असा त्यांचा प्रश्न आहे.

दिलेल्या वर्णनापुरते बोलायचे तर तिन्हींपैकी एकही नाही. मात्र तीनही शब्द सारख्याच अंतरावर चुकलेले नाहीत, म्हणून ते वेगवेगळे तपासावे लागतात.

वावटळ हा आपल्याकडे रोजच्या वापरातला, अत्यंत नेमका शब्द आहे आणि त्याचा नेमकेपणा त्याच्या क्रियापदात आहे. वादळ येते, वारा सुटतो, वावधान सुटते. पण वावटळ उठते. उन्हाळ्यात नांगरून टाकलेले काळे रान तापले की जमिनीलगतची हवा वेगाने वर चढू लागते, तिला पीळ पडतो आणि धूळ, पाचोळा, कडब्याची पाने घेऊन तो खांब बांधावरून सरकत जातो. त्या वेळी डोक्यावर बहुधा निरभ्र आकाश असते. म्हणजे वावटळीचा जन्म जमिनीवर होतो आणि तिला ढगाची गरज नसते. वाचकांनी पाहिलेली नळी याच्या अगदी उलट, ढगातून उतरलेली होती. दोन्हींत हवा फिरते एवढ्या साम्यावर एकच शब्द वापरला, तर जो भेद आपल्या शेतकऱ्यांनी एका क्रियापदात जपला आहे, तोच आपण पुसून टाकू.

चक्रीवादळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरलेले असते, अनेक दिवस टिकते आणि त्याला नाव दिले जाते. 3 जून 2020 रोजी कोकण किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ हे त्याचे ठळक उदाहरण. गच्चीवरून एका नजरेत मावणाऱ्या गोष्टीला हा शब्द लावता येत नाही. चार पत्रे उडाले की चक्रीवादळाचा तडाखा असे छापण्याची सवय मला खटकते ती याच कारणाने.

खरा विचार करायला लावतो तो टोर्नेडो, ज्याच्यासाठी छापील मराठीत घूर्णवात हा शब्द आढळतो. वाचकांना दिसलेली नळी आणि घूर्णवात हे एकाच घटनेचे दोन टप्पे असू शकतात. गर्जन्मेघाखाली फिरणाऱ्या हवेच्या मध्यभागी दाब उतरतो, तिथे शिरणारी हवा पसरून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब बनतात. आपल्याला नळी दिसते ती या थेंबांमुळे. हे फिरणे जमिनीपर्यंत पोहोचले तरच त्याला घूर्णवात म्हणायचे. येथे मराठवाड्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. मॉन्सूनपूर्व काळात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे ढगांचे बूड उंचावर राहते आणि भोवरा जमिनीला टेकलेला असला तरी दिसणारी नळी अधांतरीच संपलेली असू शकते. अशा वेळी पुरावा असतो तो नळीच्या बरोबर खाली, जमिनीवर गरगरणाऱ्या धुळीचा. वाचकांनी लिहिले आहे की, समोरची घरे आणि लिंबाची झाडे यांच्यामुळे त्यांना क्षितिजाजवळचा भाग दिसला नाही. म्हणून घूर्णवात झाला असे म्हणता येत नाही आणि झाला नाही असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. जे दिसले त्याचेच नाव द्यावे, हे बरे.

त्यासाठी मी नरसाळी ढग हा शब्द सुचवतो. नरसाळे हा शब्द घरोघरी माहीत आहे आणि चक्रावरून चक्री, पठारावरून पठारी, तसे नरसाळ्यावरून नरसाळी हे विशेषण सहज घडते. ‘नरसाळी’ हे नरसाळ्याचे अनेकवचनही आहे, पण पुढे ढग आला की घोटाळा उरत नाही. आकाराच्या दृष्टीने मला त्याहूनही जवळचे वाटते ते पेरणीचे सरते: वर बी सोडायचे लहानसे चाडे आणि त्याखाली एकच लांब नळा. परंतु ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानंतर वाढलेल्या पिढीला ते समजावून सांगावे लागेल, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही. बोलताना ढगाची सोंड म्हणावे, आणि ती उतरली, लोंबली, विरली अशी क्रियापदे वापरावीत. जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात या आकाराला ट्यूबा असे लॅटिन नाव आहे. त्याचा मूळ अर्थ तुतारी, आणि त्यावरून नळी. तिथेही आकारावरूनच नाव पडले आहे.

नाव देण्याआधी मात्र ती खरोखर सोंडच होती ना, हे पाहावे लागते, कारण ढगाखाली लोंबणारे फाटके चिंधडे आणि दूरच्या पावसाची सर दुरून तशीच भासते. चिंधड्यांच्या कडा विस्कटलेल्या असतात आणि ते वाऱ्याबरोबर नुसते वाहत जातात; सर ढगाखाली पडद्यासारखी उतरते. सोंडेच्या कडा बहुधा गुळगुळीत असतात आणि ती उभ्या आसाभोवती फिरते. वाचकांच्या छायाचित्रांत पाण्याची टाकी एकाच जागी आलेली असल्याने नळीचे टोक कसे हलले ते कळते, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत कडेवरचा पीळही सरकलेला दिसतो. त्यामुळे नरसाळी ढग म्हणायला माझी हरकत नाही. पुढच्या वेळी वेळ आणि दिशा यांच्याबरोबर टोकाची उंचीही टिपावी: हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांचा कोन व्यापते, तेव्हा क्षितिजापासून टोक किती मुठी वर होते, एवढे लिहिले तरी पुरे. नोंद अशी करता येईल: ‘दुपारी गर्जन्मेघाच्या बुडातून नरसाळी ढग उतरला, तो फिरत होता, त्याखालची जमीन दिसली नाही.’