मॅट्रिक्सचे प्रकार: प्रत्येक व्याख्येपुढे एक प्रश्न लिही

सिमेट्रिक, स्क्यू-सिमेट्रिक, ऑर्थोगोनल, आयडेम्पोटंट ही सगळी यादी परीक्षेसाठी लक्षात कशी ठेवायची, असं तू विचारलंयस. व्याख्या तुला येतात, हे प्रश्नावरून दिसतंच. मग प्रत्येकीपुढे एवढंच लिही: या अटीमुळे आयगेनव्हॅल्यूंवर कोणतं बंधन येतं? (मॅट्रिक्सने गुणल्यावर एखादा शून्येतर व्हेक्टर स्वतःच्याच पटीत आला, तर तो आयगेनव्हेक्टर आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू.)

तुझं कॉलेज सावंतवाडीत, तेव्हा कोकण रेल्वेच घेऊ. कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी रोड ही ओळीने येणारी स्टेशनं. लगतच्या जोडीला १, बाकी सगळीकडे ०, असं ५×५ मॅट्रिक्स मांड. कुडाळला झाराप लगत, तसंच झारापला कुडाळ. म्हणून ते सिमेट्रिक, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल (ट्रान्सपोज) केली तरी तेच राहणारं. सगळे १ मुख्य कर्णाच्या लगेच वर नि खाली येतात, म्हणून ट्रायडायगोनलसुद्धा. आयगेनव्हॅल्यू हातानेच काढ: √३, १, ०, −१, −√३. पाचही वास्तव. वास्तव संख्यांच्या कुठल्याही सिमेट्रिक मॅट्रिक्सचं असंच होतं. फ्रेंच गणिती कोशीने हे १८२९ मध्ये सिद्ध केलं. शिवाय ० चा आयगेनव्हेक्टर (१, ०, −१, ०, १) आणि १ चा (१, १, ०, −१, −१) यांचा डॉट प्रॉडक्ट करून बघ, शून्य येतो. वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे व्हेक्टर इथे एकमेकांना लंबच असतात. मला तरी सगळ्या रेखीय बीजगणितात याहून देखणं प्रमेय दिसलेलं नाही.

‘वास्तव संख्यांच्या’ हे शब्द मात्र गाळू नकोस, मुलं हमखास गाळतात. पहिली ओळ (१, आय) आणि दुसरी (आय, −१) असं मॅट्रिक्स घे. आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. दिसायला सिमेट्रिक, पण त्याचा वर्ग शून्य मॅट्रिक्स येतो आणि ते डायगोनलाइज होत नाही, म्हणजे पुरेसे स्वतंत्र आयगेनव्हेक्टरच मिळत नाहीत. संमिश्र संख्या आल्या की ट्रान्सपोज घेताना कॉन्जुगेटही (आयचं चिन्ह उलटं) घ्यावा लागतो, म्हणजे अट हर्मिशियनची लागते.

वास्तव स्क्यू-सिमेट्रिकच्या आयगेनव्हॅल्यू शून्य किंवा निव्वळ काल्पनिक. ऑर्डर (ओळींची संख्या) विषम असेल तर डिटरमिनंट शून्यच: ट्रान्सपोजने डिटरमिनंट बदलत नाही, पण इथे ट्रान्सपोज म्हणजे प्रत्येक ओळीचं चिन्ह उलटं, आणि ओळी विषम असल्याने डिटरमिनंट स्वतःच्याच उणे येतो. सम ऑर्डरला हे लावू नकोस. (०, १) आणि (−१, ०) या ओळींचा डिटरमिनंट १ आहे.

वास्तव ऑर्थोगोनल मॅट्रिक्स (ट्रान्सपोज हाच व्यस्त) व्हेक्टरची लांबी बदलत नाही, म्हणून तिथे प्रत्येक आयगेनव्हॅल्यूचा मापांक (शून्यापासूनचं अंतर) १. आयडेम्पोटंटला (वर्ग केला तरी तेच मॅट्रिक्स) फक्त ० आणि १ चालतात, त्यामुळे ट्रेस (कर्णावरची बेरीज) म्हणजेच रँक (स्वतंत्र ओळींची संख्या). पेपरात आयडेम्पोटंटची रँक विचारली तर कर्णावरच्या संख्यांची बेरीज कर आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ.