"त्याची आई वाईटच असणार ना?" फॉस्टर पालकांची नेहमीची शंका

न्यू जर्सीत फॉस्टर केअरचं, म्हणजे सरकारने घरातून काढलेलं मूल तात्पुरतं आपल्या घरी सांभाळायचं, लायसन्स घेतलेली आपली मराठी कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो, की लळा लागला आणि मग कोर्टाने पोराला परत आईकडे पाठवलं तर? आणि त्याच्या मागोमाग जरा हळू आवाजात, की ज्या आईकडून मूल काढून घ्यावं लागलं ती वाईटच असणार ना?

एक केस सांगते, तपशील थोडे बदललेत. ताई आणि दादा, चाळिशीतले, दोघं आयटीत. त्यांच्याकडे 5 वर्षांचा ब्लॅक मुलगा आला. त्याची आई ठरलेल्या भेटीला उशिरा यायची, कधी यायचीच नाही आणि भेटीच्या रात्री तो अंथरूण ओलं करायचा. ताई चिडून म्हणाली, "तिला पोराची पडलेलीच नाहीये, सोशल वर्करला सांगून भेटी बंद करू का?" त्यात सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर, "अगं किती काळा आहे, केस तरी नीट विंचर त्याचे."

मी विचारलं, मूल काढलं कशासाठी? मारहाण नव्हती, ड्रग्स नव्हते. आई रात्रपाळीला, घरचं हीटिंग बंद पडलेलं, पोरगा शाळकरी मावसबहिणीच्या भरवशावर. कागदावर याला 'निग्लेक्ट', म्हणजे मुलाची हेळसांड, म्हणतात. अमेरिकेत मुलं घरातून काढली जातात त्यात हेच कारण सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं असतं, आणि त्यातली हेळसांड किती नि गरिबी किती हे वेगळं काढणं फार अवघड असतं. देशातल्या मुलांत ब्लॅक मुलं साधारण 14 टक्के, फॉस्टर केअरमध्ये मात्र 20 टक्क्यांच्या वर. 2017 मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की 18 वर्षांचं होईपर्यंत 53 टक्के ब्लॅक मुलांच्या घरची बालसंरक्षण खात्याकडून चौकशी होते, गोऱ्यांमध्ये 28 टक्के आणि आपल्यासारख्या एशियन घरांत 10. मी ताईला म्हटलं, तुमच्याकडे हीटिंग बंद पडलं असतं तर शाळेने आधी तुम्हाला फोन केला असता हो, तिच्याबाबतीत फोन थेट मुलांच्या हेळसांडीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी हॉटलाइनला गेला. काही घरं खरंच धोक्याची असतात आणि तिथून मूल काढावंच लागतं, पण हे घर तसं नव्हतं.

दादांना माहीतच नव्हतं की 1997 च्या फेडरल कायद्याप्रमाणे मूल 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टरमध्ये राहिलं, की काही अपवाद सोडले तर राज्याला आईचे हक्क संपवण्यासाठी कोर्टात जावं लागतं. म्हणजे ही बाई दोन बस बदलून येतेय, उशीर झाला की तिच्या नावावर नोंद होतेय, आणि तिकडे महिने चाललेत.

केसांचं मी एवढंच सुचवलं की त्याच्या आईलाच विचारा. ताई रोज बारीक फणीने कोरडे केस विंचरायची, तो किंचाळायचा. पुढच्या भेटीत आईने केस ओले करून, क्रीम लावून, रुंद दातांच्या कंगव्याने सोडवून वेण्या घातल्या, झोपताना सॅटिनची टोपी घालायला सांगितली, आणि त्या तासाभरात दोघी पहिल्यांदा नीट बोलल्या. मग दादांनी वर्करच्या मागे लागून भेटीची जागा आईच्या कामाजवळ करून घेतली. अंथरूण ओलं होणं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही, आणि तेही साहजिकच आहे, आई दर वेळी सुटतेच ना हातातून. सासूबाईंना दादांनीच सांगितलं, "आई, त्याला मराठी कळायला लागलंय, रंगावरून बोलायचं नाही."

कोर्टाने पोराला आईकडे पाठवलं. ताई खूप रडली, बरेच दिवस त्याच्या खोलीत जायची नाही, आणि मी तिला कधीच म्हटलं नव्हतं की त्रास होणार नाही, होतोच, आणि त्यासाठी येत राहा म्हटलं, ती येत राहिली. परवा त्याच्या आईने शाळेच्या पिकअप लिस्टमध्ये, म्हणजे पोराला शाळेतून कोण नेऊ शकतं त्या यादीत, स्वतःच्या खाली ताईचं नाव घातलंय.