आयन बीम उपचारात (प्रोटॉन किंवा कार्बन आयनांच्या झोताने केलेल्या कॅन्सरच्या उपचारात) डोस मोजणाऱ्या डिटेक्टरच्या रीडिंगला इतके गुणक का लावतात? ही आकड्यांची जुळवाजुळव नाही का?

नाही, जुळवाजुळव नाही. प्रत्येक गुणकामागे भौतिक कारण असतं. तुमचा मुद्दा असा, की चेंबर (हवेत तयार झालेला चार्ज मोजणारा डिटेक्टर) कोबाल्टच्या गॅमा किरणांवर कॅलिब्रेट होऊन आलाय, मग पुन्हा दुरुस्ती कशाला?

मी साताऱ्यात लिनॅकवर (नेहमीच्या रेडिएशन उपचाराच्या मशीनवर) मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणून आधी हवेचं सांगते. चेंबरची पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असते. कॅलिब्रेशन 20 अंश सेल्सिअस आणि 101.325 किलोपास्कलसाठी दिलेलं असतं. सातारा 700 मीटरच्या वर आहे, दाब 93 किलोपास्कलच्या आसपास. आत हवाच कमी, त्यामुळे नुसत्या दाबापोटी रीडिंग 8-9 टक्क्यांनी कमी येतं. सांगलीत फरक थोडा कमी, महाबळेश्वरला बराच जास्त. आणि कृपा करून मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमधला दाब घेऊ नका, तो बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो. तो धरला तर डोस आहे त्याहून कमी वाटतो, मशीनचं आउटपुट वाढवलं जातं आणि रुग्णाला जादा किरणं बसतात. खोलीतला बॅरोमीटरच बघायचा.

हे प्रोटॉनला लागू, कार्बनलाही लागू. कार्बनची खरी अडचण पुढे आहे. त्याच्या वाटेवर आयन इतके दाट तयार होतात, की इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच धन-ऋण आयन एकमेकांत मिसळून जातात आणि तेवढा चार्ज मोजलाच जात नाही. म्हणून वेगवेगळ्या व्होल्टेजला रीडिंग घ्यायचं, त्याचा व्यस्त आणि व्होल्टेजचा व्यस्त यांचा आलेख काढायचा, आणि रेषा अनंत व्होल्टेजपर्यंत वाढवायची. लिनॅकचं दोन व्होल्टेजचं सूत्र इथे जसंच्या तसं चालत नाही. शिवाय हवेत एक आयनजोडी तयार करायला लागणारी सरासरी ऊर्जा कोबाल्टला 33.97 इलेक्ट्रॉनव्होल्ट, कार्बनला थोडी जास्त. हा फरक बीमच्या गुणवत्तेच्या गुणकात येतो. टीआरएस-398 या डोस मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तो चेंबरनुसार दिलाय.

फिल्म, टीएलडी (तापवल्यावर प्रकाश देणारा स्फटिक), सिंटिलेटर (किरणं पडली की चमकणारा पदार्थ) या इतर डिटेक्टरांचं दुखणं याहून मोठं. ऊर्जा दाट पडली की त्यांचा प्रतिसाद मंदावतो. बर्क्स या भौतिकशास्त्रज्ञाने 1951 मध्ये सिंटिलेटरसाठी याचं सूत्र दिलं. ब्रॅग शिखर, म्हणजे वाटेच्या शेवटी आयन सर्वांत जास्त डोस देतात ती जागा, फिल्मवर बुटकं दिसतं, आणि आपण ते शिखर बसवतो नेमकं गाठीवर. आयन किती खोल गेले त्याप्रमाणे त्यांचा वेग बदलतो, कार्बनचे तुकडेही होतात, म्हणून उथळ आणि खोल अशा सगळ्या ठिकाणी एकच गुणक पुरत नाही. तेव्हा फिल्मवरून बीमचा आकार आणि जागा बघा, डोसचा आकडा मात्र पाण्याच्या फँटममधल्या (शरीराऐवजी वापरायच्या पाण्याच्या टाकीतल्या) चेंबरच्या दुरुस्त केलेल्या रीडिंगचाच धरा.