गतिमंद मुलगा अभ्यासाला बसवला की स्वतःला मारून घेतो, हा हट्ट आहे का?

हट्ट म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा ते त्याचं सांगणंच असतं. यावर एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकन संशोधकांचा १९८५ चा अभ्यास फेमस आहे, मुलं फक्त ४ होती पण काम डोकं लावून केलेलं. आधी त्यांनी बघितलं की त्रास नेमका कधी वाढतो, काम अवघड दिलं की का मोठ्यांचं लक्ष कमी झालं की, आणि मग त्या कारणाला जुळेल असं वाक्य शिकवलं, म्हणजे अवघड वाटलं तर "मला कळत नाहीये" म्हणायचं की मदत मिळणार, लक्ष हवं असेल तर "माझं बरोबर चाललंय ना?" विचारायचं की कौतुक होणार. त्रास खूपच कमी झाला. गंमत म्हणजे कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवून काही फरक पडला नाही, म्हणून सरसकट एकच उपाय सांगणारे लोक मला पटत नाहीत. मूल बोलत नसेल तर खूण किंवा चित्राचं कार्ड पण चालतं, त्याने बोलणं मागे पडेल ही भीती उगाच आहे. आणि हे अचानक सुरू झालं असेल तर आधी कान-दात डॉक्टरला दाखवून घ्या, दुखत असेल तरी मुलं असं करतात.