चढावर जोर लावला की पेडलपाशी ‘टक्’ वाजतं. बीबी (बॉटम ब्रॅकेट) बदलावी का?

बेळगावच्या जांबोटी रोडच्या चढावर पेडलच्या दर फेऱ्याला एक ‘टक्’, सपाटीला काही नाही, आणि दुकानदार बीबी बदलायला सांगायलाय, असं तुम्ही लिहिलंय. बीबी म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकची ॲक्सल जिच्यात फिरते ती बेअरिंगची जोडी. आत्ताच ती घेऊ नका. फ्रेम पोकळ असते, कुठला तरी सांधा वाजतो आणि आवाज मात्र बीबीतूनच आल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाल माती आट्यांत शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि कोरडा धातू धातूवर घासतो. बहुतेक आवाज इथलेच.

आधी ताल मोजा. दर फेऱ्याला एकदा, तेही पाय ठराविक जागी आल्यावर वाजत असेल तर पेडल, क्रँक (पेडलचा दांडा), चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) किंवा बीबी. दोन-तीन फेऱ्यांतून एकदा वाजत असेल तर चेनची एखादी कडी अडकतेय: 108 कड्यांची चेन 50 दात्यांवर दोनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्यांत एकदा फिरून येते. पेडल थांबवून सायकल नुसती सोडली तरी वाजत असेल तर चाक बघा. उभं राहिल्यावर आवाज गेला तर सीट किंवा सीटपोस्ट. चढावर आपण बसूनच जोर लावतो, त्यामुळे फसायला होतं.

मग एका पायाने पेडल मारून बघा, आधी उजव्या, मग डाव्या. एकाच बाजूला वाजलं तर त्या बाजूचं पेडल आणि क्लीट (बुटाच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी). क्लीटवर थोडं पाणी टाका. आवाज तेवढ्यापुरता गेला तर दोष क्लीटचाच, बूट उलटा करून बोल्ट तपासा.

पेडलपासूनच सुरुवात करा, कारण खर्च शून्य आणि गुन्हेगार बहुतेक वेळा तेच. 8 मिमीची ॲलन की किंवा 15 चा पाना लागेल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. विसरून जोर लावलात तर ते आणखी आवळतं. दोन्हीकडचे आटे जुन्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, कोरडे होऊ द्या, भरपूर ग्रीस लावा आणि घट्ट बसवा. शिमानो 35 ते 55 न्यूटन-मीटर सांगते. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक भागात, मशीनशॉपवाला कुणी ओळखीचा असेलच की.

एवढ्याने गेलं नाही तर चेनरिंगचे बोल्ट एकेक काढून पुसा, ग्रीस लावून आवळा. मग क्रँक. शिमानोची पोकळ ॲक्सलवाली असेल तर डाव्या क्रँकचे दोन बोल्ट सैल करून ॲक्सलच्या टोकाची टोपी हलक्या हाताने बसवा, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने 12 ते 14 न्यूटन-मीटरपर्यंत घ्या. एकच आधी पूर्ण आवळला तर पकड असमान बसते आणि पुन्हा वाजायला लागतं. एका वेळी एकच सांधा उघडा आणि त्याच चढावर जाऊन बघा, नाहीतर कशाने गेलं ते कळणार नाही.

मागच्या चाकाची क्विक रिलीज (चाक आवळणारी खिट्टी) आणि डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती जिच्यावर बसते ती पट्टीही, पेडलमधून आल्यासारखा आवाज करतात, ते काढून पुसून लावा. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर तिथे ग्रीस नको, कार्बन पेस्टच लावा.

बीबी सगळ्यात शेवटी. चेन चेनरिंगवरून उतरवा, दोन्ही क्रँक धरून आडव्या हलवा. खेळ जाणवला, किंवा क्रँक फिरवताना खरखर लागली, तरच बेअरिंग गेलंय. नाहीतर बीबीचे दोन्ही बाजूंचे कप काढून साफ करा, ग्रीस लावून 35 ते 50 न्यूटन-मीटरने बसवा. इंग्लिश आट्यांच्या बीबीत उजवा कप उलट्या आट्याचा असतो. प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेली) असेल तर ती घरी ठोकू नका, दुकानात द्या. बदलायचीच झाली तर आधी जुन्यावरचा प्रकार आणि शेलची (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिची) रुंदी बघून ठेवा. रोड सायकलला बहुतेक 68 मिमी असते, पण प्रेसफिटमध्ये वेगळी निघते.