इस्त्रियातील बुझेत ते उमाग ही ट्रेल शर्यत रस्त्यावर धावणाऱ्याला झेपेल का?

रस्त्यावरच्या काही पूर्ण मॅरेथॉन चांगल्या वेळेत पूर्ण केल्या आहेत, पण डोंगरवाटेवरच्या शर्यतीचा अनुभव नाही. अशा स्थितीत क्रोएशियातील इस्त्रिया या द्वीपकल्पावरच्या शर्यतीत नाव नोंदवावे का आणि तयारी नेमकी कशाची करावी, असे आपण विचारले आहे. यातील बुझेत ते उमाग हा सुमारे 69 किलोमीटरचा मार्ग मी धावलो आहे. माझ्या मते ही शर्यत आपल्याला निश्चित झेपेल. मात्र आपल्या प्रश्नात सगळा भर चढांवर आहे आणि तो मला चुकीच्या जागी वाटतो. या मार्गावर चढ माणसाला थकवतात खरे, पण त्याची खरी परीक्षा होते ती शेवटच्या, नकाशावर अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या भागात.

आधी मार्गाची रचना सांगतो. 2013 साली सुरू झालेली ही शर्यत एप्रिलमध्ये होते आणि तिच्यात वेगवेगळ्या लांबीचे मार्ग आहेत. शंभर मैलांचा मार्ग लाबिनहून निघतो आणि सुमारे 110 किलोमीटरचा लोवरानहून. या दोन्ही मार्गांवर एड्रियाटिक समुद्राच्या काठावरून थेट उचका पर्वताच्या वोयाक या 1401 मीटर उंच शिखराकडे जावे लागते आणि पुढे चिचारियाच्या माळरानी डोंगररांगेवरून बुझेतकडे उतरावे लागते. बुझेतहून निघणाऱ्याला हा उंच भाग लागत नाही. त्याच्या वाट्याला येते ती टेकड्यांची, द्राक्षमळ्यांची आणि टेकडीमाथ्यावर वसलेल्या जुन्या गावांची इस्त्रिया. तरीही एकूण चढ दोन हजार मीटरहून अधिक भरतो, कारण गावे माथ्यावर आहेत आणि दोन गावांच्या मध्ये दरवेळी एक दरी आहे.

इस्त्रियाचे लोक आपल्या प्रदेशाचे जमिनीच्या रंगावरून तीन भाग मानतात: चुनखडीच्या डोंगरांचा पांढरा, मधला करडा आणि पश्चिम किनाऱ्यालगतचा तांबड्या मातीचा. आपण धावणार ते करड्यातून तांबड्याकडे. करडा भाग हा चिकणमातीयुक्त मऊ खडक आणि वालुकाश्म यांच्या एकाआड एक थरांचा बनलेला असल्याने त्यात पाणी मुरत नाही आणि पाऊस झाला की वाट अक्षरशः लोण्यासारखी होते. बुतोनिगा या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयाच्या परिसरात मला हे चांगलेच अनुभवायला मिळाले. प्रत्येक पावलागणिक बुटाखाली करड्या गाळाचा थर चढत जात होता, दहाबारा पावलांवर तो दगडाच्या कडेला खरवडून काढावा लागत होता, आणि पुढचा धावपटू दोन्ही हातांतले पोल्स (आधाराच्या काठ्या) रोवून उतारावरून आडवा सरकत होता. कोरड्या वर्षी हाच भाग सहज पार होतो असे तिथल्या धावपटूंनी सांगितले. त्यामुळे शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातला पाऊस पाहूनच आपल्या अपेक्षित वेळेचा हिशेब करावा.

मोतोवून हे 277 मीटर उंचीच्या टेकडीवरचे तटबंदीचे गाव लांबूनच दिसते, आणि ते जवळ येता येत नाही. येथे मनाची गफलत होण्याचा संभव असतो, कारण फोटोंमध्ये सर्वत्र हेच गाव असल्याने इथवर आलो म्हणजे शर्यतीचे मुख्य काम झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात मोतोवूनहून उमागला जाणारी, सुमारे 42 किलोमीटरची वेगळी शर्यत याच आयोजनात आहे. म्हणजेच मोतोवूनच्या वेशीत आपण उभे असतो तेव्हा एक पूर्ण मॅरेथॉन बाकी असते. शिवाय त्यानंतर लगेच मिर्ना नदीच्या दरीत, जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरून पुन्हा पावणेचारशे मीटरवरच्या ओपर्ताल्य या गावाकडे चढावे लागते. (याच दरीतल्या ओकच्या जंगलात ट्रफल ही महागडी भूछत्रे कुत्र्यांच्या साहाय्याने शोधतात. 1999 साली बुये गावाजवळ 1.31 किलोचे पांढरे ट्रफल सापडले होते आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली होती.)

आता त्या निरुपद्रवी भागाविषयी. ओपर्ताल्य, ग्रोझन्यान आणि बुये या गावांच्या परिसरात वाटेचा काही भाग पारेंझाना या जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. त्रिएस्ते ते पोरेच अशी ही, रुळांमधले अंतर 760 मिलिमीटर असलेली छोटी रेल्वे 1902 ते 1935 या काळात चालत असे. आता रूळ नाहीत, बोगदे आणि पूल मात्र आहेत आणि सायकलस्वार त्यावरून फिरतात. रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ अतिशय सौम्य आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. तीव्र चढावर सगळेच चालतात, त्यामुळे चालण्याचा संकोच वाटत नाही. इथे चालण्याला कोणतेही कारण उरत नाही, तरी उतारांनी आधीच पिचलेल्या मांड्या धावू देत नाहीत. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलतात, आणि ही इजा दम लागण्यासारखी पाच मिनिटांच्या विश्रांतीने भरून येत नाही. बुयेनंतर द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागांमधली तांबडी, सपाट वाट समुद्राकडे जाते, तेव्हा रस्त्यावर धावणाऱ्यांचे खरे दिवस येतात. पण मांड्या शाबूत ठेवल्या असतील तरच.

म्हणून तयारीत उतारांना प्राधान्य द्यावे. आपण पुण्यात असल्याचे लिहिले आहे, तर सिंहगडाच्या पायवाटेवर केवळ चढण्याची वेळ मोजत बसण्याऐवजी आठवड्यातून एकदा सलग चढ-उताराच्या फेऱ्या कराव्यात आणि लगेच पुढे तास-दीड तास सपाटीवर सावकाश धावावे. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग महिन्यातून एकदा केली तर लयीचा उत्तम सराव होतो, कारण तिथेही उंची फार नसून संख्या फार आहे. चिखलाचा सराव मात्र होणार नाही; आपला जानेवारी ते मार्चचा सह्याद्री कोरडा, मुरमाड आणि तापलेला असतो. ती उणीव खोल खाचांच्या तळव्याच्या बुटांनी काही अंशी भरून निघते.

एप्रिलमध्ये तिथे ऊन चांगले पडते, पण ईशान्येकडून येणारा बुरा हा वारा सुटला की टेकडीमाथ्यावर हात बधिर होतात. पावसाळी जाकीट आणि हेडलॅम्प सक्तीच्या सामानात असतात. त्यात मी हातमोजे जोडले आणि ते उपयोगी पडले. शाकाहारी असल्यास वाटेतल्या थांब्यांवर पाव, चीज, केळी आणि संत्री मिळतात. सूप मात्र मांसाच्या पाण्यात केलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. गोड जेलचा कंटाळा आल्यावर मला खिशातल्या राजगिऱ्याच्या चिक्कीने आणि खारवलेल्या शेंगदाण्यांनी तारले. हाच रानशतावरीचा हंगाम असल्याने बांधाबांधाने तिच्या हिरव्या जुड्या हातात घेतलेली वयस्कर मंडळी भेटतात आणि आपुलकीने प्रोत्साहनही देतात.

क्रोएशिया 2023 पासून शेंगेन क्षेत्रात असल्याने शेंगेन व्हिसा चालतो आणि चलन युरो आहे. मुक्काम उमागलाच करावा. शर्यत तिथे संपते आणि बुझेतला नेणाऱ्या आयोजकांच्या बससाठी आधी नोंदणी करता येते. मार्गात दरवर्षी थोडे बदल होतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षाचा ताजा नकाशा घड्याळात भरून घ्यावा. 110 किलोमीटरचा विचार हा मार्ग एकदा धावून झाल्यावरच करावा, असे मी सुचवेन.