एस्थेटिशियनचं काम: हात लावण्याआधी काय बघायचं

तुम्ही विचारलंय की ऑफिसची नोकरी सोडून एस्थेटिशियनचा, म्हणजे त्वचेची निगा राखण्याचं काम करणाऱ्या व्यावसायिकाचा, कोर्स करावा का, दिवसभर नुसते फेशियलच करावे लागतात का आणि यात पुढे वाढायला जागा आहे का. मी या कामात बरीच वर्षं आहे, नवीन मुलींना शिकवतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेशियल करावे लागतात, भरपूर करावे लागतात. पण मसाजचे हात मन लावून शिकणाऱ्या कुणालाही काही महिन्यांत बसतात. ज्याच्यावर हे करिअर उभं राहतं ती गोष्ट वेगळी आहे. समोरच्या त्वचेला आज काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे हात लावण्याआधी ओळखता आलं पाहिजे. आणि चालणार नसेल तर "आज हे करायचं नाही" असं पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला सांगता आलं पाहिजे.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे सुरुवातीची चौकशी. फॉर्मवर बहुतेक जण "कोणतंही औषध चालू नाही" असं लिहितात. ते खोटं बोलत नसतात. मुरुमांसाठी रात्री लावायची ट्यूब त्यांच्या लेखी औषध नसतेच. त्यामुळे मी "औषध घेता का" असं विचारून थांबत नाही. "रात्री झोपताना चेहऱ्याला काय लावता? ट्यूबचा फोटो आहे का?" असं विचारते. मध्यंतरी एक क्लायंट वरच्या ओठाचं वॅक्स करायला आली होती. भिंगाच्या दिव्याखाली नाकपुडीच्या कडेला बारीक पापुद्रे दिसले, ओठावरची त्वचा ताणल्यासारखी चकचकत होती. फोनमधला फोटो बघितला तर ट्रेटिनॉइन, म्हणजे मुरुमांवरचं जोरदार औषध, आणि तेही रोज रात्री. अशा त्वचेचा सगळ्यात वरचा थर नाजूक झालेला असतो. वॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर कातडी सोलून येते. मागे ओलसर लाल चट्टा राहतो आणि सावळ्या रंगावर त्याचा काळा डाग कित्येक महिने जात नाही. घरात लग्न होतं, त्यामुळे ती हिरमुसली, पण मी वॅक्स केलं नाही. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतील तर त्याहून जास्त सांभाळावं लागतं. गोळ्या बंद झाल्यावरही साधारण 6 महिने वॅक्सिंग टाळतात.

हे सगळं कळायला त्वचेचं शास्त्र मनापासून शिकावं लागतं. परीक्षेपुरतं पाठ करून भागत नाही. एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या बाहेरच्या थराच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण 4 आठवडे लागतात, वय वाढेल तसा हा काळ लांबतो. हे माहीत असलं की "एका सिटिंगमध्ये डाग जातील ना?" या प्रश्नाला तुम्ही ठामपणे नाही म्हणू शकता. पील, म्हणजे ॲसिड लावून वरची मृत त्वचा काढायचा उपचार, निवडतानाही तेच. ग्लायकोलिक ॲसिडचा रेणू लहान, तो भराभर आत शिरतो. मँडेलिकचा मोठा, तो सावकाश जातो, म्हणून हळव्या किंवा गडद त्वचेला सहसा जास्त मानवतो. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट, बुजलेल्या रोमछिद्रांत ते नीट काम करतं. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये त्वचेची जी विभागणी मांडली ती मुळात अल्ट्राव्हायोलेट उपचाराचा डोस ठरवण्यासाठी होती. आज तिचे सगळ्यात गोऱ्यापासून सगळ्यात गडदपर्यंत 6 प्रकार मानतात आणि पील किंवा लेझरआधी जगभर तेच विचारात घेतात. चौथ्यापासून सहाव्यापर्यंतच्या त्वचेवर जरा जळजळ झाली तरी तिथे डाग उमटतो. तिथे घाई करायची नाही, सौम्य ताकदीपासून सुरुवात करायची.

एक्स्ट्रॅक्शनबद्दल, म्हणजे ब्लॅकहेड्स दाबून काढण्याबद्दल, वेगळं लिहिते, कारण नवीन मुली तिथेच सगळ्यात जास्त जोर लावतात. वाफ देऊन त्वचा मऊ झाली की ग्लव्ह्ज घातलेल्या दोन्ही तर्जन्यांना टिश्यू गुंडाळायचा, ब्लॅकहेडच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर ठेवून आधी खाली दाबायचं आणि मग हलकेच आतल्या बाजूला. सुटायचं असेल तर ते लगेच वर येतं. दोनदा करून आलं नाही तर सोडून द्यायचं. लाल, दुखरा, खोल गेलेला फोड तर दाबायचाच नाही, त्याची भिंत आतल्या आत फुटते आणि सूज पसरते. नाकावरचे ते एकसारखे करडे ठिपके बऱ्याचदा ब्लॅकहेड्स नसतातच, ते सेबेशियस फिलामेंट्स, म्हणजे रोमछिद्रांतल्या तेलाचे बारीक धागे असतात. काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात, कारण ती त्वचेची नेहमीची रचना आहे. क्लायंटला हे समजावून सांगणं हे नाक दाबून लाल करण्यापेक्षा कितीतरी चांगलं काम आहे.

आपण डॉक्टर नाही, ही रेघ कायम स्पष्ट ठेवायची. रोगाचं नाव घ्यायचं नाही, गोळ्या सुचवायच्या नाहीत. पण आपण माणसाचा चेहरा, मान, पाठ इतक्या जवळून आणि इतक्या नियमितपणे बघतो की बदल आधी आपल्याला दिसतो. एखादा तीळ दोन बाजूंनी असमान आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा आहे किंवा गेल्या वेळेपेक्षा बदललाय, तर "हा एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या" एवढंच शांतपणे सांगायचं आणि नोंद ठेवायची. ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका दिसला तर त्या दिवशी चेहऱ्याला हात लावायचा नाही. तो हर्पीस हा विषाणूचा संसर्ग असू शकतो; तो पसरतो, तुमच्याही बोटाला होऊ शकतो.

शरीराला त्रास होतो, हे कोर्सवाले फारसं सांगत नाहीत. दिवसभर मान खाली आणि अंगठ्यावर जोर असं काम आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखायला लागलं तर अंगावर काढू नका. स्टूलची आणि बेडची उंची तुमच्या कोपराला जुळवून घ्या, मसाजमध्ये जोर बोटांतून देण्यापेक्षा शरीराचं वजन वापरा. सतत हात धुऊन हातांनाच एक्झिमा होतो, तेव्हा प्रत्येक वेळी क्रीम लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा. नखं कायम बारीक.

पैशांचं म्हणाल तर सुरुवात संथ असते. बऱ्याच ठिकाणी पगार कमी आणि बाकी कमिशन, त्यात प्रॉडक्ट विकण्याचं टार्गेट. गरज नसलेलं सीरम गळ्यात मारायला मी शिकवत नाही. ज्या क्लायंटला तुम्ही "हे तुम्हाला नको, नुसतं सनस्क्रीन नियमित लावा" असं सांगितलंत, ती पुढे बहिणीलाही घेऊन येते, आणि आपली डायरी अशीच भरते. डायरी भरली की वाटा बऱ्याच आहेत. सलोन, स्पा, त्वचारोगतज्ज्ञांचं क्लिनिक, स्वतःची छोटी खोली, एखाद्या ब्रँडसाठी प्रशिक्षण. माझं मत विचाराल तर पहिली एक-दोन वर्षं क्लिनिकमध्ये काढा, तिथे नजर तयार होते.

नियम मात्र देशागणिक बदलतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ठरावीक तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, काही देशांत फारसं बंधन नाही. 1946 मध्ये सुरू झालेल्या सिडेस्को या आंतरराष्ट्रीय सौंदर्य-व्यवसाय संस्थेचा डिप्लोमा अनेक देशांत ओळखला जातो, बाहेर काम करायचा विचार असेल तर उपयोगी पडतो. लेझर, नीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचायचा उपचार) आणि इंजेक्शन कुणी करायचं याचे तुमच्याकडचे नियम आधी वाचा. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट म्हणजे परवानगी नव्हे.

नोकरी लगेच सोडू नका. आधी दोन-तीन संस्था प्रत्यक्ष बघून या. किती वेगवेगळ्या त्वचांवर प्रत्यक्ष सराव मिळतो, पॅच टेस्ट (आधी त्वचेच्या छोट्या जागी लावून बघणं) शिकवतात का, एखादी रिॲक्शन आली तर काय करायचं हे अभ्यासक्रमात आहे का, हे विचारा. धातूची अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसवर निदान 15 मिनिटं ठेवतात की निळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याच्या पेटीत ठेवून मोकळे होतात, ते बघा; त्या पेटीत निर्जंतुकीकरण होत नाही. आणि वॅक्सच्या भांड्याजवळ पाच मिनिटं उभ्या राहा. त्वचेला लागलेला स्पॅच्युला पुन्हा त्याच भांड्यात बुडवत असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका, फी कितीही कमी असली तरी.